के. इंगोले, पंधरा

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला एका रग्बीच्या मैदानामागे आमच्या बेसबॉल क्लबची खोली आहे. खोली कसली, पत्र्याची शेडच. आत जुने हेल्मेट, ओल्या मोज्यांचा वास आणि चहाचं मोठं भांडं. त्या भांड्याच्या वर भिंतीवर एक लाकडी फळा आहे. क्लबचे विक्रम त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहेत. फायनलमध्ये एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, घेतलेल्या सर्वांत जास्त स्ट्राइकआउट्सच्या रकान्यात दोन नावं आहेत. पहिलं खोडलेलं नाही. त्याच्याखाली, जरा थरथरत्या अक्षरात दुसरं आलंय: के. इंगोले, १५.

या सीझनला नव्याने आलेल्या एका खेळाडूने चहा ओतता ओतता विचारलं, "हा इंगोल कोण होता?"

"होता नाही, होती," मी म्हटलं. "आणि इंगोल नाही, इंगोले."

त्याने भुवया उंचावल्या. "बाई? फायनलला? पंधरा?"

मी मान हलवली. तेवढ्यात त्याला बॅटिंगला बोलावलं आणि तो गेला. बरंच झालं. कल्पनाताई काही एका चहात सांगून होण्यासारख्या नव्हत्या.

मी पुण्याहून वर्क व्हिसावर इथे आलो तेव्हा कल्पना इंगोले आमच्या ऑफिसात टेस्टिंगच्या लीड होत्या. वय चाळिशीच्या पुढे, बांधा ठेंगणा, खांदे रुंद, केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्याच दिवशी मी "मॅडम, मे आय..." म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "पुण्याचा का?"

"हो. कसं कळलं?"

"मराठी माणसाशी इंग्रजीत बोलून राहिला ना, म्हणून. मॅडम नको म्हणू. मॅडम म्हटलं का मले शाळा तपासाले आल्यासारखं वाटते. ताई म्हण."

त्या अमरावतीच्या. इतकी वर्षं इंग्लंडात राहूनही त्यांचं वऱ्हाडी फारसं झिजलं नव्हतं. मीटिंगमध्ये स्वच्छ इंग्रजी, माझ्याशी बऱ्यापैकी प्रमाण मराठी, आणि चिडल्या किंवा खूश झाल्या की थेट "मले-तुले". मी केलेलं काम तपासून झालं की त्या खुर्ची वळवायच्या आणि म्हणायच्या, "चार चुका आहेत. सांगू, का शोधतो?" मी सॉरी म्हणायला लागलो की हात वर. इथल्या माणसांच्या तोंडी दिवसातून शंभरदा येणारा हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "सॉरी म्हणाले जेवढा वेळ लागते ना, तेवढ्यात एक चूक दुरुस्त होते. चाल, पुढचं."

'पुढचं' हा त्यांचा आवडता शब्द. बग मिटला, पुढचं. बॉस ओरडला, पुढचं. गाडीला कोणी मागून धडक देऊन पसार झालं, तेव्हाही बंपरकडे एकदा बघून त्यांनी तेच म्हटल्याचं त्यांचे यजमान प्रमोदराव कौतुकाने सांगत.

आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. कुठलीही गोल वस्तू त्यांच्या हाती आली की बोटं आपोआप तिच्यावर बसायची. संत्रं, टोमॅटो, दिवाळीच्या फराळातला बेसनाचा लाडू. पहिली दोन बोटं वर, अंगठा खाली, आणि मनगटाची अगदी बारीक हालचाल. सुपरमार्केटमध्ये एकदा त्यांना एकेक कांदा असा तोलताना पाहून शेजारच्या म्हातारीने विचारलं होतं, चांगला कांदा असा ओळखतात का? "यस," ताई गंभीरपणे म्हणाल्या. त्यानंतर ती म्हातारीही तसाच तोलायला लागली.

कोडं सुटलं ते ऑफिसच्या समर पार्टीत. बिझनेस पार्कच्या हिरवळीवर राउंडर्सचा खेळ ठेवला होता. राउंडर्स म्हणजे इथल्या शाळांतून मुली खेळतात तो खेळ. आखूड बॅट, खालून टाकायचा चेंडू, चार खांबांना फेरी. सगळे हातात ज्यूसचे ग्लास घेऊन आळसावलेले. बोलिंग करायला कोणी तयार नव्हतं म्हणून ताईंकडे चेंडू आला. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. हात मागून वर, वरून पूर्ण गोल फिरून खाली आला, आणि चेंडू मागच्या कुंपणावर आदळल्यावर आमच्या फायनान्सच्या हेडने बॅट फिरवली. लोक हसले. दुसरा चेंडू, तसाच. तिसरा, तसाच. पाचसहा जण असे होऊन गेल्यावर हसणं थांबलं.

रिसेप्शनच्या काचेआडून ट्रेव्हर हे बघत होता. ट्रेव्हर आमच्या इमारतीचा रिसेप्शनिस्ट-कम-सिक्युरिटी. आधी तीस वर्षं पोस्टमन होता, डावखुरा, पांढऱ्या मिशा. त्याने 'बॅक इन फाइव्ह मिनिट्स'ची पाटी काउंटरवर ठेवली आणि हिरवळीवरून सरळ ताईंकडे चालत आला.

"लव्ह," इथली म्हातारी माणसं कोणालाही म्हणतात तसं तो म्हणाला, "हे कुठे शिकलीस?"

"अमरावतीला."

"ते कुठे आलं?"

ताईंनी क्षणभर विचार केला. "बडनेऱ्याच्या जवळ."

ट्रेव्हरने समजल्यासारखी मान हलवली. मग म्हणाला, "मी बेसबॉल क्लब चालवतो. आमच्याकडे पिचर नाही. रविवारी येशील?"

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या माणसाला कल्पना नसते, पण अमरावतीकडे शाळाशाळांत पोरी सॉफ्टबॉल खेळतात. ताई सहावीपासून पिचर होत्या. कॉलेजात बेसबॉल आला. तिथे चेंडू लहान, अंतर लांब, आणि सगळे खांद्यावरून टाकणारे. सरांनी सांगितलं, आता खालून टाकणं सोड. त्यांनी सोडलं नाही. हात जरासा बाजूला घेतला, इतकंच. चेंडू जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवरून सुटायचा आणि बॅटरपाशी पोहोचेपर्यंत वर चढत राहायचा. वेग फार नसायचा. पण वरून खाली येणाऱ्या चेंडूंची सवय झालेला माणूस खालून वर येणाऱ्या चेंडूखाली बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि मग बॅटकडे बघत बसायचा.

त्यांनी ट्रेव्हरला होकार दिला, पण एक अट घालून. कॅचर त्या निवडणार. आणि निवडलं मला.

"ताई, मी आयुष्यात बेसबॉल पाहिलेला नाही."

"सोसायटीत विकेटकीपिंग करत होता म्हणाला होतास."

"टेनिस बॉलने!"

"मग झालं. कॅचर म्हणजे विकेटकीपरच. फक्त त्याला बसून राहावं लागते आणि चिलखत मिळते. मले मराठीत खुणा कराले माणूस पाहिजे."

अशा रीतीने सहा वर्षं मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. लंच ब्रेकमध्ये कार पार्कच्या टोकाला त्या चेंडू टाकायच्या आणि मी झेलायचो. सुटला की मी चेहरा पाडायचो. "तोंड काय पाहून राहिला? पुढचा." बॅटरच्या तोंडावर आम्ही मोठ्याने मराठीत बोलायचो. "याचा डावा पाय लवकर उचलते, बाहेर टाकतो." त्या माणसाला वाटायचं, आम्ही हवापाण्याबद्दल बोलतोय.

पहिल्याच सीझनमध्ये समोरच्या टीमच्या कोचने मॅच थांबवली होती. "हे बेकायदेशीर आहे. हा बायकांचा सॉफ्टबॉल नाही." अंपायर एक शाळामास्तर होता. त्याने चष्मा लावला, खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि पावसाच्या भुरभुरीत पंधरा मिनिटं वाचत उभा राहिला. दोन्ही टीम थिजल्या. एक बाई कुत्रा घेऊन मैदानाच्या मधून निघून गेली. अखेर त्याने पुस्तक मिटलं. "पाय कुठे असावा ते लिहिलंय. हात किती खाली असावा ते लिहिलेलं नाही. प्ले!" ताईंनी त्या कोचच्या टीमचे नऊ जण स्ट्राइकआउट केले. मॅचनंतर तो हात मिळवायला आला तर त्याला म्हणाल्या, "तू 'बायकांचा' म्हणालास ती गोष्ट बरोबर होती. मुलींकडूनच शिकले मी."

स्ट्राइकआउट म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. बॅटरला तीन स्ट्राइक, म्हणजे हुकायच्या तीन संधी. तिसऱ्यालाही चुकला की तो बाद. क्षेत्ररक्षकांना त्यात काही काम नाही. पिचर आणि कॅचर यांच्यातच प्रकरण मिटतं. आमच्या लीगची मॅच सात इनिंगची. म्हणजे जिंकायला समोरचे एकवीस जण बाद करायचे. फायनलमध्ये त्यातले चौदा एकट्याने असे टिपण्याचा विक्रम आमच्या क्लबात फार जुना होता. तो ट्रेव्हरचा, हे मला फळा वाचेपर्यंत माहीत नव्हतं, कारण त्याने स्वतः ते कधीच सांगितलं नव्हतं.

खांदा दुखतो हे मला चौथ्या सीझनपासून माहीत होतं. ऑफिसच्या फ्रीझरमध्ये फ्रोजन मटारची एक पिशवी कायम असायची. तिच्यावर मार्करने लिहिलेलं: 'खाण्यासाठी नाही. के. आय.' सोमवारी सकाळी त्या पिशवी खांद्यावर टाकून टेस्ट रिपोर्ट वाचत बसायच्या. फिजिओने थांबायला सांगितलं होतं. त्यांची मुलगी इरा, इथेच जन्मलेली, तेव्हा सोळा वर्षांची, रोज ओरडायची. "आई, तू म्हातारी झालीस, प्लीज स्टॉप." ताई म्हणायच्या, "तू गणिताचा पेपर टाकून उठशील का अर्ध्यातून?"

एकदा एम-थ्री हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मीच विचारलं, एवढं दुखत असताना कशाला? दुपारची वेळ होती, मागच्या सीटवर बॅटांची पिशवी, पुढे मैलभर गाड्या.

"कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमची टीम फायनलला होती," त्या म्हणाल्या. "सहा इनिंग मीच टाकल्या. एका रनने पुढे होतो. शेवटच्या इनिंगला सरांनी मले काढलं. म्हणे, थकली तू. मी थकली नव्हती रे. मले काढलं आणि दुसरीला टाकलं. ती बिचारी घाबरून गेलेली. मी बाकावर बसून पाहत होती. हरलो." त्यांनी गाडी दोन फूट पुढे घेतली. "नंतर लग्न झालं, इकडे आली, नोकरी लागली. चांगलं झालं सगळं. पण ते बाक काही जात नाही. हरायचं काही नाही, माणूस हरते. पण हातात चेंडू असताना हरावं. बसून नाही."

सहाव्या सीझनला आम्ही फायनलला पोहोचलो. सप्टेंबर, ढगाळ दुपार, दुसऱ्या गावचं मैदान, पन्नाससाठ माणसं. घड्या घालता येणाऱ्या खुर्च्यांवर प्रमोदराव आणि इरा. ताईंनी पहिल्या तीन इनिंगमध्ये सात जण परत पाठवले. माझ्या हातमोज्यात चेंडू असा वाजत होता की लोक त्या आवाजाकडे वळून बघायचे. सहा इनिंग संपल्या तेव्हा बारा झाले होते आणि आम्ही एका रनने पुढे होतो. कोणीतरी कुजबुजलं, चौदाचा रेकॉर्ड आहे. सगळ्यांच्या नजरा ट्रेव्हरकडे. तो आपला टोपी काढून डोकं खाजवत होता.

पण मला दुसरं काही दिसत होतं. पाचव्या इनिंगपासून चेंडू पूर्वीसारखा वर चढत नव्हता. सहाव्यात त्यांनी दोनदा पाठ फिरवून, टोपी खाली ओढून, बाहीला डोळे पुसले. लोकांना वाटलं घाम.

सातवी इनिंग. पहिला बॅटर, तीन स्ट्राइक. तेरा. दुसऱ्याने खूप वेळ घेतला, पण शेवटी तोही हुकला. चौदा. दोन बाद, एकच उरला. ताई चेंडू परत घ्यायला ग्लव्ह वर करायला लागल्या. टाकायचा हात मात्र तसाच लटकलेला.

ट्रेव्हर बाकावरून उठला आणि चालत पिचरच्या उंचवट्याकडे निघाला. कोच असा चालत आला की पिचर बदलायचा, हे बेसबॉलमध्ये सगळ्यांना कळतं. मी धावत पोहोचलो. आम्ही तिघंच होतो तिथे.

"कॅल, हात दाखव," तो म्हणाला. कल्पनाचं त्याने केव्हाच कॅल केलं होतं.

"नाही."

"कॅल."

"ट्रेव्हर, मला काढू नकोस." त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. विनवणीचा. "एकच माणूस आहे. मला बसवू नकोस."

ट्रेव्हरचा चेहरा लाल झाला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मैदानाबाहेर उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळला. "तू कॅचर आहेस. सहा इनिंग तिचे बॉल तू घेतलेस. मला खरं सांग. तिच्यात अजून आहे का?"

नव्हतं. मला ते सर्वांत चांगलं माहीत होतं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, दूर झाडांकडे बघत होत्या.

"शी इज फाइन," मी म्हटलं.

ट्रेव्हर एक क्षण थांबला आणि परत गेला.

तिसरा बॅटर त्यांचा सर्वांत चांगला होता. पहिला स्ट्राइक. मग दोन चेंडू बाहेर. मग दुसरा स्ट्राइक. शेवटचा चेंडू त्यांच्या हातातून सुटला तेव्हाच कळलं की तो चढणार नाही. चढला नाहीच. उलट खाली पडला. बॅटरने वर चढणार म्हणून वरून बॅट फिरवली आणि साफ हुकला. स्ट्राइक तीन! लोक ओरडत उठले. आणि चेंडू माझ्या समोरच्या मातीत टप्पा पडून माझ्या छातीवरच्या चिलखताला लागून बाजूला घरंगळला.

बेसबॉलचा एक विचित्र नियम आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरने पकडला नाही, तर पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागतो, पण बॅटर पळून पहिला बेस, म्हणजे फेरीतला पहिला थांबा, गाठू शकतो. तो पळाला. मी चेंडू शोधला, उचलला आणि घाईत पहिल्या बेसवरच्या आमच्या माणसाच्या डोक्यावरून फेकला. बॅटर दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला.

म्हणजे पंधरावा झाला. विक्रम झाला. आणि मॅच मात्र संपली नाही. ती संपायला हवी होती, ती माझ्यामुळे संपली नाही. आता एक चांगला फटका, की बरोबरी.

मी चेंडू घेऊन ताईंकडे गेलो. तोंडातून सॉरी येणारच होतं. त्यांनी ग्लव्ह माझ्या तोंडासमोर धरला.

"पुढचा," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते.

पुढच्याने आठ चेंडू खाल्ले. आठ. पहिल्या सातही वेळा चेंडू बॅटच्या कडेला लागून रेषेबाहेर, म्हणजे फाउल, आणि प्रत्येक वेळी त्यांना पुन्हा टाकावा लागला. मी मोजत होतो. प्रत्येक चेंडू टाकल्यावर त्या डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटाशी धरायच्या, मग सोडायच्या, मग पुन्हा टाकायच्या. आठवा त्याने जमिनीलगत मारला. तो घरंगळत पहिल्या बेसवरच्या आमच्या माणसाकडे गेला. बॅटर पोहोचायच्या आत त्याने बेसवर पाय ठेवला. तिसरा बाद. संपलं.

सगळे त्यांच्याकडे धावले. त्या उंचवट्यावर गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात पोटाशी, आणि हसत होत्या आणि म्हणत होत्या, "धक्का नका मारू बाप्पा, धक्का नका मारू."

खांद्याचे स्नायू फाटले होते. ऑपरेशन झालं, मग अनेक महिने पट्टा. मी घरी भेटायला गेलो तेव्हा इराने दार उघडलं. तिने मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही तिथे होते. तुम्ही बघितला ना, तिची हात दुखत होती? ट्रेव्हर आस्क्ड यू. मी बघितली, तो तुम्हाला विचारत होता. तुम्ही का नाही सांगितला?"

मी पायपुसण्यावर बूट घासत राहिलो. ती म्हणाली, "ती आता ब्राचा हुक पण नाही लावू शकते. मी लावते." आणि बाजूला झाली.

ताई सोफ्यावर डाव्या हाताने लॅपटॉपवर एकेक अक्षर टाइप करत होत्या. चहा झाला. प्रमोदराव उठून स्वयंपाकघरात गेल्यावर मी म्हटलं, "ताई, मी ट्रेव्हरशी खोटं बोललो. आणि तो चेंडू मी पकडला असता तर ते आठ टाकावे लागले नसते."

"मले माहीत आहे."

"कोणत्या चेंडूने फाटलं, डॉक्टर काही म्हणाले?"

"चेंडूवर नाव लिहिलेलं असते का?" त्या जरा चिडल्या. मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "हे पाहा. तू फाइन म्हणाला तेव्हा बुटाकडे पाहून राहिला होता. मले तेव्हाच समजलं, हा खोटं बोलून राहिला. मीही म्हणू शकत होती, ट्रेव्हर, याचं ऐकू नको. नाही म्हटलं. खांदा माझा होता, निर्णय माझा होता. तो तू तुझ्याकडे घेऊ नको, तुले पेलणार नाही."

"आणि इरा?"

हे एकच असं होतं जिथे त्यांना पुढचं म्हणता आलं नाही. "इरा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मी असती तर मीही तुले आत घेतलं नसतं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू: "पण काय वाजत होता रे चेंडू त्या दिवशी. पहिल्या तीन इनिंगला."

फळ्यावर नाव ट्रेव्हरने स्वतः लिहिलं. डबा, ब्रश सगळं घेऊन एका रविवारी सकाळी आला. खुर्ची मी धरली होती. 'इंगोले'चं स्पेलिंग त्याने दोनदा विचारून घेतलं. लिहून झाल्यावर खाली उतरला नाही, तसाच खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "मी तुला विचारलं, ते बरोबर नव्हतं. मला दिसत होतं की तिचा हात गेलाय. पण तिला काढलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने स्वतःचा आकडा वाचवला. म्हणून तुझ्या गळ्यात टाकलं. भित्रेपणा होता तो." मग ब्रश धुवायला गेला.

वर्षभराने इराला लेस्टरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, प्रमोदरावांनीही तिकडे नोकरी पाहिली आणि ते कुटुंब लेस्टरला गेलं. निरोपाला आम्ही चार माणसं होतो, भराभर बोललो, सामानाचा ट्रक आला. नंतर लेस्टरहून दोन-तीनदा फोन झाले, दिवाळीचे मेसेज झाले. पुढे सासूबाईंच्या आजारपणात त्या अमरावतीला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. खुशाली कळते. पण त्या निरोपाला मी शेवटची भेट मानत नाही. माझ्या मनात शेवटचं आहे ते त्याच्या थोडं आधीचं एक दृश्य, ज्यात आम्ही बोललोही नाही.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. शनिवारी सकाळी तिला पोहायच्या क्लासला न्यायचो. पालकांनी वरच्या गॅलरीत काचेमागे बसायचं, कॉफी प्यायची. त्या दिवशी शेजारच्या उथळ तलावात पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग चालला होता. आठदहा इंग्रज आज्या, फुलाफुलांच्या रबरी टोप्या, आणि त्यांच्या मधोमध निळ्या टोपीत कल्पनाताई.

शिकवणारी मुलगी काठावर उभी राहून हात वर करायची आणि पाण्यातल्या आज्या हात वर करायच्या. ताईंचा डावा हात सगळ्यांच्या आधी वर. उजवा मात्र पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा. कोणाकडे बघत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कार पार्कमध्ये असायचा तोच कडक भाव होता. फरक इतकाच, की समोर झेलायला कोणी नव्हतं.

चौथ्यांदा की पाचव्यांदा हात पाण्याबाहेर आला. खांद्याइतका वर गेला. कानापर्यंत गेला. तिथे जरा थरथरला आणि राहिला. ताईंनी मान वर करून आपल्याच हाताकडे पाहिलं, एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसं. बाजूच्या आजीने काहीतरी म्हटलं. काचेतून मला ऐकू आलं नाही, पण ताई एकदम खदखदून हसल्या.

मी काचेवर टकटक करायला हात उचलला होता, तो खाली घेतला. खाली शिकवणाऱ्या मुलीने टाळी वाजवली. सगळ्या आज्यांनी नाकं धरली, ताईंनीही धरलं, आणि एकदम पाण्याखाली गेल्या.